बिहेव्ह (इंग्रजी क्रियापद)

बिहेव्ह : वागणे, वर्तन करणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापद. उच्चारात आघात ‘हे’वर येतो. पंधराव्या शतकापासून वापरात असलेला हा शब्द ‘हॅव्ह’ या क्रियापदाला ‘बि’ हा उपसर्ग लागून झाला. स्वतःला विशिष्ट रीतीने ठेवणे, हा त्याचा मूळ भाव. त्यामुळे त्याच्यासोबत आत्मवाचक सर्वनाम येत असे, आणि ‘बिहेव्ह युअरसेल्फ’मध्ये ते आजही टिकून आहे. शेवटची चार अक्षरे ‘हॅव्ह’चीच असली तरी उच्चार वेगळा, कारण आघातामुळे येथे जुना दीर्घ स्वर राहिला, रोजच्या घाईच्या बोलण्यात ‘हॅव्ह’चा मात्र झिजून ऱ्हस्व झाला. भूतकाळही ‘हॅड’सारखा होत नाही, सरळ ‘बिहेव्ड’ होतो.

मराठी माणसाला या शब्दात सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे त्यात दडलेला ‘नीट’. आपण मुलाला नुसते ‘वाग’ म्हणत नाही. ‘नीट वाग’, ‘शहाण्यासारखा वाग’ असे म्हणावे लागते. इंग्रजी आई मात्र नुसते ‘बिहेव्ह!’ म्हणते आणि मुलाला काय ते कळते. क्रियाविशेषण आले की हा दडलेला अर्थ मावळतो व क्रियापद तटस्थ होते : ‘ही बिहेव्ड बॅडली’, तो वाईट वागला. येथे ‘बॅड’ चालत नाही, ‘बॅडली’च हवे. शहरी घरांत ऐकू येणारे ‘नीट बिहेव्ह कर’ हे म्हणूनच इंग्रजी कानाला दुहेरी वाटेल. मराठीच्या अंगाने ते अगदी स्वाभाविक आहे.

आपल्या चुकाही मराठीच्याच वळणाने होतात. ‘माझ्याशी’ डोक्यात असल्याने आपण ‘बिहेव्ह विथ मी’ म्हणतो. ब्रिटिश व अमेरिकी वापरात तेथे ‘टुवर्ड्‌स’ येते. दुसरी चूक ‘वागवणे’मुळे होते. ‘सासरी तिला वाईट वागवलं’ याचे भाषांतर करताना ‘दे बिहेव्ड हर बॅडली’ असे लिहिले जाते. बिहेव्ह स्वतःखेरीज दुसरे कर्म घेत नाही. वागवण्यासाठी ‘ट्रीट’ हे वेगळे क्रियापद आहे. ‘वागणे’पासून ‘वागवणे’ घडवण्याची मराठीची सोय इंग्रजीला नाही.

‘मिसबिहेव्ह’चा प्रश्न अधिक गंभीर आहे. इंग्लंडमध्ये हा शब्द बहुधा वर्गात दंगा करणाऱ्या मुलांसाठी येतो. भारतीय इंग्रजीत ‘मिसबिहेव्ड विथ अ वुमन’ या शब्दांत बाईचा हात धरण्यापासून अंगचटीला येण्यापर्यंत सारे झाकले जाते, आणि मराठी बातमीत त्याचे ‘गैरवर्तन’ होते. ज्या कृत्याला भारतीय दंडसंहितेच्या कलम 354 नुसार विनयभंग म्हणत, त्याला हा शब्द अपुरा आहे. तो वापरू नये.

माणसाखेरीज इतरांसाठीही बिहेव्ह सर्रास येते : तापवल्यावर धातू, दाब वाढल्यावर वायू, गणितातले फल (फंक्शन). मराठीत यंत्र ‘वागत’ नाही, ते चालते किंवा त्रास देते. पण विज्ञानाच्या भाषेत ‘वायूचे वर्तन’ रुळले आहे. बिहेव्हपासून झालेल्या ‘बिहेव्हिअर’ (वर्तन) या नामाला मानसशास्त्रात मोठे स्थान मिळाले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन बी. वॉटसन यांनी 1913 मध्ये वर्तनवादाची मांडणी केली. मनात काय चालले आहे यापेक्षा बाहेर काय दिसते ते अभ्यासावे, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेत या नामाच्या स्पेलिंगमधील ‘यू’ गळतो.

मराठी प्रतिशब्द प्रसंग पाहून निवडावा. घरगुती बोलण्यात वागणे, शास्त्रात वर्तन, नीतिधर्माच्या संदर्भात आचरण. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा रकाना असतो आणि त्यापुढे बहुधा एकच शब्द लिहिलेला आढळतो : ‘चांगली’.