ऑटोइन्स्टॉल आणि क्लाउड-इनिट: यूजर-डेटा फाइल नक्की वाचतं कोण?

उबुंटू सर्व्हर आपोआप इन्स्टॉल व्हावा म्हणून तयार यूजर-डेटा फाइल शोधायला गेलात, तर दोन जातींच्या फाइली हाती लागतात. दोन्हींचं नाव तेच, दोन्ही यामलमध्ये (सेटिंग्ज लिहायचा साधा मजकुरी फॉरमॅट), दोन्हींची पहिली ओळही एकच: हॅश आणि त्याला चिकटून क्लाउड-कॉन्फिग. फरक दुसऱ्या ओळीपासून सुरू होतो. एका फाइलीत 'यूजर्स', 'पॅकेजेस', 'रन-सीएमडी' हे सेक्शन थेट डाव्या कडेला लागून असतात. दुसरीत डाव्या कडेला 'ऑटोइन्स्टॉल' एवढा एकच शब्द असतो आणि बाकी सगळं दोन स्पेस आत, त्याच्या पोटात.

पहिली फाइल क्लाउड-इनिटची, म्हणजे पहिल्या बूटला मशीन सेट करणाऱ्या प्रोग्रामची; दुसरी ऑटोइन्स्टॉलची, म्हणजे इन्स्टॉलरसाठी लिहिलेल्या उत्तरांची. पहिली इन्स्टॉलरला दिली तर एरर येत नाही, हीच खरी कटकट. इन्स्टॉलर भाषा निवडायचा स्क्रीन दाखवतो आणि तुमच्या एंटरची वाट बघत बसतो. मग माणूस पेनड्राइव्हवर संशय घेतो, नेटवर्कवर घेतो, फाइलीवर सगळ्यात शेवटी.

क्लाउड-इनिट वयाने मोठं. ॲमेझॉनच्या ईसी-टूसारख्या ठिकाणी इन्स्टॉलेशन हा प्रकारच नसतो. तयार इमेज उचलायची आणि बूट करायची. त्या पहिल्या बूटला मशीनला नाव देणं, यूजर तयार करणं, एसएसएच की बसवणं, पॅकेजेस टाकणं ही कामं क्लाउड-इनिट करतं. डिस्क मोठी असेल तर पार्टिशन वाढवूनही देतं. पण कोऱ्या डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टिम उतरवणं हे त्याचं काम नाही.

ते काम सबिक्विटी या इन्स्टॉलरचं. पूर्वी उबुंटू सर्व्हरवर डेबियनचा इन्स्टॉलर आणि त्याची प्रीसीड ही उत्तरांची फाइल चालायची. एप्रिल 2020 मध्ये आलेल्या 20.04 पासून तिची जागा ऑटोइन्स्टॉलने घेतली. इन्स्टॉलर जे प्रश्न स्क्रीनवर विचारतो, त्यांची आधीच लिहून ठेवलेली उत्तरं म्हणजे ऑटोइन्स्टॉल: कीबोर्ड कोणता, डिस्क कशी कापायची, यूजर कोण, एसएसएच हवं का.

ही उत्तरं इन्स्टॉलरपर्यंत पोचवायची कशी? आयएसओ बूट झाल्यावर रॅममध्ये जी लाइव्ह सिस्टिम उभी राहते, तिच्यात क्लाउड-इनिट असतंच. इन्स्टॉलरने त्यालाच पोस्टमन केलं. सी-आय-डेटा असं लेबल दिलेल्या पेनड्राइव्हवर यूजर-डेटा आणि मेटा-डेटा या दोन फाइली ठेवायच्या (मेटा-डेटा रिकामी चालते, पण हवीच), किंवा कर्नलच्या ओळीत, म्हणजे बूट होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या पर्यायांमध्ये, एचटीटीपी पत्ता द्यायचा. क्लाउड-इनिट फाइल आणतं, ऑटोइन्स्टॉलचा भाग सबिक्विटीच्या हवाली करतं. कर्नलच्या ओळीवरून आठवलं: पत्त्याच्या आधी जो अर्धविराम येतो, तो ग्रब या बूटलोडरमध्ये बॅकस्लॅश देऊन किंवा अवतरणात लिहावा लागतो. नाहीतर ग्रब ती ओळ तिथेच तोडतो आणि पत्ता कर्नलपर्यंत जातच नाही.

आता मूळ गोंधळाकडे. एका इन्स्टॉलेशनमध्ये क्लाउड-इनिट दोनदा चालतं, दोन वेगळ्या सिस्टिमवर. एकदा रॅममधल्या लाइव्ह सिस्टिमवर, दुसऱ्यांदा नव्याने इन्स्टॉल झालेल्या सिस्टिमच्या पहिल्या बूटला. म्हणून 'पॅकेजेस' हा एकच सेक्शन तीन ठिकाणी लिहिता येतो आणि तिन्ही ठिकाणी त्याचा परिणाम वेगळा होतो. समजा तुम्हाला एनजिनएक्स हा वेब सर्व्हर हवा आहे. डाव्या कडेला, ऑटोइन्स्टॉलच्या बाहेर लिहिलंत, तर ते रॅममधल्या सिस्टिमवर बसतं आणि रीबूटबरोबर जातं. ऑटोइन्स्टॉलच्या पोटात, दोन स्पेस आत लिहिलंत, तर इन्स्टॉलर ते डिस्कवरच्या सिस्टिममध्ये टाकतो. आणि ऑटोइन्स्टॉलच्या पोटात पुन्हा एक 'यूजर-डेटा' नावाचा सेक्शन असतो. त्यात, म्हणजे चार स्पेस आत लिहिलंत, तर नव्या मशीनवरचं क्लाउड-इनिट ते पहिल्या बूटला बसवतं. यूजर-डेटा नावाच्या फाइलीत यूजर-डेटा नावाचाच सेक्शन! हे नाव ज्याने ठेवलं त्याला हात जोडावेसे वाटतात.

हा आतला सेक्शन मात्र कामाचा आहे, आणि त्याची खरी गरज लेट-कमांड्सपाशी, म्हणजे इन्स्टॉलेशनच्या शेवटी चालवायला दिलेल्या कमांड्सपाशी कळते. ऑटोइन्स्टॉलमध्ये 'आयडेंटिटी' सेक्शनात मशीनचं नाव, यूजरनेम आणि पासवर्डचा हॅश देतात. साहजिकच वाटतं की इन्स्टॉलेशन संपेपर्यंत तो यूजर तयार झालेला असेल. सर्व्हरवर तसं होत नाही. सबिक्विटी ही माहिती क्लाउड-इनिटसाठी ठेवून देतो आणि यूजर प्रत्यक्षात पहिल्या बूटला जन्माला येतो. लेट-कमांड्स त्याआधी, रीबूट व्हायच्या अगोदर चालतात. तिथे एखाद्या फोल्डरची मालकी त्या यूजरला द्यायला गेलात तर असा यूजर नाही म्हणून कमांड फसते, आणि लेट-कमांड्समधली एक कमांड फसली की अख्खं इन्स्टॉलेशन थांबतं. यूजरशी संबंधित काम आतल्या यूजर-डेटाच्या रन-सीएमडीत (पहिल्या बूटला चालवायच्या कमांड्सचा सेक्शन) टाकलं की प्रश्न मिटतो.

लेट-कमांड्सचा आणखी एक चकवा म्हणजे त्या लाइव्ह सिस्टिममधून चालतात. नवी सिस्टिम तेव्हा 'टार्गेट' नावाच्या फोल्डरवर माउंट केलेली असते. फाइलीच्या पाथआधी ते नाव लावलं नाही तर फाइल रॅममध्ये तयार होते. नव्या सिस्टिमच्या आत शिरून कमांड चालवायची असेल तर कर्टिन या सबिक्विटीच्या आतल्या टूलची इन-टार्गेट कमांड वापरतात. माझं मत विचाराल तर लेट-कमांड्समध्ये दोन-चार ओळींपलीकडे काही ठेवू नये. पहिल्या बूटला फसलेलं काम लॉगिन करून तपासता तरी येतं.

डिस्कचा विषय मात्र पूर्णपणे ऑटोइन्स्टॉलचा. 'स्टोरेज'मध्ये नुसतं एलव्हीएम (डिस्कची जागा एका साठ्यात, म्हणजे व्हॉल्यूम ग्रूपमध्ये, घेऊन त्यातून वाटायची पद्धत) लेआउट लिहिलं, तर 20 ते 200 जीबीच्या मधल्या डिस्कवर रूटला साधारण निम्मीच जागा मिळते आणि 200 च्या वर गेलात तर फक्त 100 जीबी. बाकीची जागा व्हॉल्यूम ग्रूपमध्ये मोकळी पडून राहते. सगळी हवी असेल तर सायझिंग-पॉलिसी 'ऑल' करायची.

डिस्क पुसायचा अधिकार हाती असल्यामुळे ऑटोइन्स्टॉलला एक लगामही आहे. कर्नलच्या ओळीत 'ऑटोइन्स्टॉल' हा शब्द नसेल, तर उत्तरांची फाइल सापडूनही इन्स्टॉलर एकदा यस-नो विचारतो. विसरून लावलेल्या पेनड्राइव्हमुळे चालू सर्व्हर साफ होऊ नये म्हणून ही सोय. विनामदत इन्स्टॉलेशन हवं असेल तर तो शब्द लिहावाच लागतो.

रेड हॅटच्या किकस्टार्ट या उत्तरांच्या फाइलीत किंवा डेबियनच्या प्रीसीडमध्ये हा घोळ होत नाही. त्या फाइली क्लाउड-इनिटच्या फाइलीसारख्या दिसतच नाहीत. उबुंटूतही पोस्टमन टाळता येतो: स्वतःची आयएसओ बनवणार असाल तर तिच्या रूटला ऑटोइन्स्टॉल नावाची यामल फाइल ठेवा, इन्स्टॉलर ती थेट उचलतो. वीस-पंचवीस मशीनच्या लॅबसाठी मला हाच मार्ग बरा वाटतो.

उलट चूकही होते. रास्पबेरी पायसाठी मिळणारी उबुंटूची इमेज आधीच इन्स्टॉल झालेली असते. मेमरी कार्डाच्या बूट पार्टिशनवर यूजर-डेटा फाइल दिसते, म्हणून लोक सर्व्हरची ऑटोइन्स्टॉल फाइल तिथे चिकटवतात. पण ती वाचायला तिथे इन्स्टॉलरच नाही. व्हर्च्युअल मशीनसाठीच्या क्लाउड इमेजचंही तेच. अशा ठिकाणी आतल्या यूजर-डेटा सेक्शनातला मजकूर उचलायचा, डाव्या कडेला आणायचा, वर हॅश क्लाउड-कॉन्फिगची ओळ ठेवायची आणि बाकीचं सगळं काढून टाकायचं. 'आयडेंटिटी'तला यूजर मात्र क्लाउड-इनिटच्या 'यूजर्स' सेक्शनात नव्याने लिहावा लागतो.