ईएमटीचा अर्ज बाद का होतो: पात्रता, कागदपत्रं आणि अडणाऱ्या जागा

ॲम्ब्युलन्सवर ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, म्हणजे गाडीत रुग्णाला तातडीची मदत देणारा) म्हणून काम करायचं म्हणून पैसे भरून कोर्स करणाऱ्या मुलांना महाराष्ट्रातली एक साधी गोष्ट कोर्स संपेपर्यंत कुणी सांगत नाही. आपल्याकडची १०८ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली ती ९३७ गाड्यांवर. त्यांतल्या २३३ ॲडव्हान्स लाइफ सपोर्टच्या (गंभीर रुग्णांसाठी जास्त साधनं असलेल्या) आणि ७०४ बेसिकच्या. दोन्ही प्रकारांत मागे रुग्णाजवळ डॉक्टर बसेल, बहुतेक करून बीएएमएस किंवा बीएचएमएस, आणि पुढे चालक, ज्याला या सेवेत ‘पायलट’ म्हणतात, अशी रचना ठरली. ईएमटी ही वेगळी जागा त्या जोडीत नव्हतीच. शेजारच्या गोव्यात २००८ पासून १०८ आहे, तिथे मात्र मागे ईएमटी असतो, गुजरातेतही तसंच. तेव्हा ‘१०८ मध्ये शंभर टक्के नोकरी’ असं छापणाऱ्या संस्थेला फी भरण्याआधी विचारा, कोणत्या राज्यात आणि कोणत्या पदावर? उत्तर गुळमुळीत आलं तर तिथून उठा.

याचा अर्थ इथे काम नाही असा नाही. खासगी रुग्णालयांच्या गाड्या, कॅज्युअल्टी (तातडीच्या रुग्णांचा विभाग), कारखान्यांतली आरोग्य केंद्रं, महामार्गावर टोल कंपन्यांनी ठेवलेल्या गाड्या, मॅरेथॉन आणि मोठ्या कार्यक्रमांची वैद्यकीय पथकं, इथे ईएमटी लागतात. जागा निवडताना गाडीचा वर्गही विचारून घ्या. रुग्णवाहिकांसाठीच्या एआयएस-१२५ या मानकानुसार ए म्हणजे प्राथमिक मदतीचं वाहन, बी म्हणजे नुसती रुग्ण ने-आण, सी म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट आणि डी म्हणजे ॲडव्हान्स. दोन वर्षं बी वर्गाच्या गाडीत स्ट्रेचर ढकलून मिळालेल्या अनुभवाला पुढच्या मुलाखतीत फारसं कुणी विचारत नाही.

‘सरकारमान्य’ म्हणजे काय, हे नीट विचारा

सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकतात. संस्थेच्या भिंतीवर चार प्रमाणपत्रं लावलेली असतात: सोसायटी नोंदणीचं (१८६० च्या कायद्याखालचं), ट्रस्टचं, आयएसओचं आणि उद्यम नोंदणीचं. यांतलं एकही कोर्सला मान्यता देत नाही. पहिली दोन सांगतात की संस्था अस्तित्वात आहे, तिसरं सांगतं की कार्यालयाचा कारभार ठरलेल्या पद्धतीने चालतो, चौथं सांगतं की हा एक लहान उद्योग आहे. मान्यता तपासायची तर दोनच प्रश्न पुरतात. परीक्षा कोण घेतं? प्रमाणपत्रावर सही कुणाची? दोन्हींचं उत्तर ‘आम्हीच’ असेल तर तो कागद फ्रेम करण्यापलीकडे कामाचा नाही.

आरोग्य क्षेत्रातले कौशल्य अभ्यासक्रम ठरवणाऱ्या हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या बेसिक ईएमटी अभ्यासक्रमाचा एचएसएस/क्यू२३०१ असा कोड आहे. प्रमाणपत्रावर कोड आणि क्यूआर असेल तर स्कॅन करून नाव निघतं का, ते तिथेच उभं राहून बघा. राज्याच्या कौशल्य मंडळाचा कोर्स असेल तर मंडळाच्या यादीत त्या संस्थेसमोर तोच कोर्स आहे का, हे बघा. संस्था मान्यताप्राप्त पण शिकवतेय तो कोर्स यादीतच नाही, असं सर्रास असतं.

दुसरा गोंधळ २०२१ च्या कायद्याचा. राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या या कायद्याने ‘सहायक आरोग्य व्यावसायिक’ कुणाला म्हणायचं हे ठरवून टाकलंय: किमान २००० तासांचा आणि दोन ते चार वर्षांत पूर्ण होणारा डिप्लोमा किंवा पदवी. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र या व्याख्येत बसत नाही, कुणी कितीही छातीठोक सांगितलं तरी. अशा छोट्या प्रमाणपत्रावर खासगी गाडीवर काम मिळू शकतं. पण ज्या जाहिरातीत ‘परिषदेकडे (म्हणजे या कायद्याखालच्या राज्य परिषदेकडे) नोंदणी आवश्यक’ असं लिहिलेलं असतं, तिथे अर्ज छाननीतच उडतो आणि शुल्क परत मिळत नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर डिप्लोमा-पदवीसाठी बारावी विज्ञान, त्यातही जीवशास्त्र. अकरावीत गणित घेऊन बायोलॉजी सोडलेल्यांनी प्रवेश घेण्याआधी पात्रतेचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचावा. ‘विज्ञान शाखा’ आणि ‘जीवशास्त्रासह विज्ञान शाखा’ यांतला फरक कळला नाही तर एक वर्ष वाया जातं.

कुणाकडेच नसलेला कागद

तो कागद म्हणजे क्लिनिकल पोस्टिंगचा दाखला. कोर्समध्ये कॅज्युअल्टी, आयसीयू, प्रसूतिगृह आणि प्रत्यक्ष गाडीवरच्या ड्युट्या असतात. निदान वेळापत्रकात तरी असतात. मुलाखतीला बसलेले डॉक्टर हाच दाखला मागतात, आणि मुलं संस्थेच्या लेटरहेडवरचं ‘प्रात्यक्षिक समाधानकारक’ असं एका ओळीचं पत्र पुढे करतात. ते चालत नाही. दाखला रुग्णालयाच्या लेटरहेडवर हवा, त्यात विभागवार तारखा आणि तास हवेत, खाली डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांकाचा शिक्का हवा. शिवाय लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची नोंदवही. त्यात रोजच्या रोज सही घ्या. कोर्स संपल्यावर सगळ्या पानांवर एकाच पेनने घेतलेल्या सह्या अनुभवी माणूस एका नजरेत ओळखतो.

नोकरीच्या अनुभवाची कथा याहून वाईट. ठेकेदार बदलतो, जुना फोन उचलत नाही, पगार रोखीत झालेला असतो. म्हणून कामावर लागल्या दिवसापासून नेमणूकपत्र, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि पीएफचं पासबुक जपून ठेवा. अनुभव मोजतात तो बहुधा पात्रता मिळाल्यानंतरचा. कोर्स करता करता मदतनीस म्हणून घालवलेलं वर्ष त्यात धरलं जात नाही, आणि ते धरून भरलेला अर्ज ‘चुकीची माहिती’ या सदरात जातो.

लसीचं तर कुणाच्या डोक्यातच नसतं. रक्ताशी संबंध येणाऱ्या कामाला हिपॅटायटिस बीची लस मागतात आणि तिचे डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात. मुलाखतीचं पत्र आल्यावर धावपळ करून काही उपयोग नाही; तिसरा डोस पैसे देऊन लवकर मिळत नाही. कोर्सला नाव घातलं त्याच आठवड्यात पहिला घ्या. मधला डोस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला घ्यायचा. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं तपासून तो रिपोर्ट फाइलला लावलात तर उत्तम.

नावं, दाखले, तारखा

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. एवढ्यावरून ऑनलाइन अर्ज अडतो. प्रमाण धरायचं ते दहावीचं. बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना विवाह नोंदणी प्रमाणपत्राबरोबर राजपत्रही मागतात. राजपत्रात नाव यायला वेळ जातो, त्यामुळे जाहिरात निघण्याची वाट बघू नका.

नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. एप्रिलमध्ये अर्ज करणारे हमखास जुनाच जोडतात. शासकीय पदांसाठी लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन लागतं. वैद्यकीय दाखला ‘जिल्हा शल्यचिकित्सक यांचा’ असं लिहिलं असेल तर तोच. गल्लीतल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीने निभावत नाही. चारित्र्य पडताळणी पोलिसांच्या संकेतस्थळावरून होते, तिला लागतील तेवढे दिवस गृहीत धरा. डोमिसाइल, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो हे नेहमीचंच. गोव्यात शासकीय पदाला १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, रोजगार केंद्राचं वैध कार्ड आणि कोंकणी लागते, हे सिंधुदुर्गातून अर्ज करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

शेवटच्या तारखेचे अर्थ तीन असतात आणि तिन्ही एकाच पानावर छापलेले असतात. अर्ज भरण्याची तारीख, शुल्क भरण्याची तारीख आणि पात्रता ज्या दिवशी पूर्ण पाहिजे ती तारीख. निकाल त्या दिवसानंतर लागला असेल तर पैकीच्या पैकी गुण असले तरी अर्ज बाद. टपालाने मागवलेल्या अर्जांना ‘पोहोचण्याची’ तारीख दिलेली असते, पोस्टात टाकण्याची नव्हे. स्पीड पोस्टची पावती दाखवून भांडलेलं कुणी ऐकत नाही. थेट मुलाखतीला नोंदणीची वेळ १० ते ११ दिली असेल तर सव्वाअकराला दार बंद. दोनशे किलोमीटरवरून एसटीने आलेल्या मुलीला पंधरा मिनिटांसाठी परत पाठवण्यात कुठलं प्रशासन गतिमान होतं कोण जाणे, पण होतं असंच. आदल्या रात्री पोहोचा. डिमांड ड्राफ्ट मागितला असेल तर जाहिरातीत छापलेलं नाव अक्षरशः तसंच लिहून घ्या आणि तो तीन महिन्यांच्या आतला असू द्या.

प्रात्यक्षिकात काय विचारतात

सीपीआर (हृदय थांबलेल्याची छाती दाबून आणि श्वास देऊन करायची मदत) सगळेच पाठ करून येतात: ३० दाब, २ श्वास, मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर. मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) मात्र दुसऱ्या मिनिटाला दाब उथळ होतात आणि छाती पूर्ण वर येऊ दिली जात नाही. तिथेच गुण जातात. घरी सराव करताना घड्याळ लावून सलग दोन मिनिटं करा.

ऑक्सिजनचं गणित तर भल्याभल्यांना घाम फोडतं. समोर १० लिटरचा बी टाइप सिलिंडर, मीटरवर १०० बार (दाबाचं एकक). रुग्णाला मास्कने मिनिटाला १० लिटर चालू आहे. किती वेळ पुरेल? १० गुणिले १०० म्हणजे साधारण १००० लिटर, भागिले १०, म्हणजे १०० मिनिटं. इथे थांबणारे अर्धेच गुण घेतात. पुढचं वाक्य हवं: सिलिंडर तळापर्यंत वापरायचा नसतो. २० बार राखून ठेवले तर हिशेब ८० मिनिटांचा होतो, आणि रुग्णालय सव्वा तासावर असेल तर घाटातल्या ट्रॅफिकचा विचार करून दुसरा सिलिंडर निघण्याआधीच गाडीत हवा.

बेसिक लाइफ सपोर्टचं अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड असेल तर त्याची मुदत दोन वर्षांचीच असते. मुलाखतीच्या दिवशी ते चालू आहे ना, ते तपासा.

निवड झाल्यावर काही ठेकेदार मूळ गुणपत्रिका ‘ऑफिसला जमा’ करायला सांगतात, काही जण गणवेशाच्या नावाखाली अनामत मागतात. मूळ कागद फक्त पडताळणीला दाखवायचे आणि परत घ्यायचे. द्यायच्या त्या स्वतःच्या सहीच्या झेरॉक्स, त्यांवर ‘फक्त या पदासाठी’ असं लिहून आणि तारीख घालून. अनामत मागणारा पावती द्यायला तयार नसेल तर ती नोकरी सोडून द्या.