छर्ऱ्याच्या बंदुकीला नेम धरावा लागत नाही?

पंप-अ‍ॅक्शन शॉटगनचे, म्हणजे पुढची मूठ सरकवून काडतूस भरायच्या छर्ऱ्याच्या बंदुकीचे, छर्रे नळीबाहेर पडताच खोलीभर पसरतात, त्यामुळे नेम धरावा लागत नाही, असा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. नावातच ‘छर्रे’ असल्याने तो खरा वाटणे स्वाभाविक आहे.

प्रत्यक्षात बारा बोअरच्या (शॉटगनच्या एका प्रचलित मापाच्या) नळीचा आतला व्यास जेमतेम साडेअठरा मिलिमीटर असतो, आणि बाहेर पडताना सगळे छर्रे एकाच जुडग्यात असतात. ते हळूहळू विखुरतात, म्हणून खोलीच्या अंतरावर त्यांचा पसारा साधारण तळहाताएवढाच राहतो. पुढची मूठ मागे-पुढे सरकवल्याने फक्त रिकामे काडतूस बाहेर पडून नवे आत येते, पसाऱ्याशी तिचा संबंध नाही. तो ठरतो अंतर, काडतूस आणि नळीच्या तोंडाशी असलेल्या ‘चोक’ या आकुंचनावर.

पडताळणीची रीत जुनीच आहे. नेमबाजीच्या अधिकृत मैदानावर 40 यार्डांवर मोठा कागद लावून एक बार काढतात, मग छिद्रांच्या दाट भागाभोवती 30 इंचांचे वर्तुळ आखून छिद्रे मोजतात (काम कंटाळवाणे आहे). पूर्ण चोक असल्यास सुमारे 70 टक्के छर्रे वर्तुळात सापडतात, चोक नसल्यास सुमारे 40 टक्के.