सिग्नल हँडलरमधली एक ओळ आणि तिच्यामागची पन्नास वर्षं

रावेर-सावदा पट्ट्यातल्या एका केळीच्या रायपनिंग चेंबरमध्ये (केळी पिकवण्याच्या खोलीत) तापमान नोंदवणारा छोटा लिनक्स बोर्ड बसवलेला आहे. दर दहा सेकंदांनी तो तापमान आणि आर्द्रता वाचतो, वेळ टाकतो आणि फाइलमध्ये एक ओळ लिहितो. लाइट गेली की यूपीएस त्या प्रोग्रामला सिगटर्म, म्हणजे ‘थांब’ सांगणारा सिग्नल, पाठवतो, प्रोग्राम ‘इतक्या वाजता बंद’ अशी शेवटची ओळ लिहून थांबतो. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी तो लिहिला आणि मीच तपासून दिला. कित्येक महिने तो नीट चालला. मग एका रात्री तो थांबलाच नाही. फाइलमध्ये शेवटची ओळ नव्हती, प्रोग्राम जिवंत होता, पण काहीच करत नव्हता.

जीडीबी हे चालू प्रोग्रामच्या आत बघायचं साधन लावून पाहिलं तर मुख्य लूप लोकलटाइम या स्थानिक वेळ काढणाऱ्या फंक्शनच्या आत होता, त्याच्यावर सिग्नल हँडलर (सिग्नल आला की हातातलं काम मध्येच थांबवून चालणारा कोड) होता, आणि हँडलरच्या आत पुन्हा लोकलटाइम. लोकलटाइम टाइमझोनची माहिती वापरताना आतून कुलूप लावतं. मुख्य लूपने ते लावलं, आणि उघडायच्या आत सिग्नल आला. हँडलरही त्याच कुलपापाशी जाऊन उभा राहिला. वखारीत कोणी आहे म्हणून माणूस दाराबाहेर थांबावा, आणि आत असलेला माणूस तोच असावा, तशी ही गत. दहा सेकंदांतल्या काही मायक्रोसेकंदांतच हे घडू शकतं, म्हणून इतके महिने ते दिसलं नव्हतं.

भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या मुलांना मी हे एका वाक्यात सांगतो: गाडीचा सिग्नल ड्रायव्हर बघतो आणि मग ब्रेक लावतो; युनिक्सचा सिग्नल मात्र ड्रायव्हरचा हात धरून स्वतःच ब्रेक ओढतो, मग गाडी पुलावर असो की सांध्यावर. युनिक्समधला सिग्नल मुळात असाच का झाला, हे कळायला मागे जावं लागतं.

बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेतल्या सुरुवातीच्या युनिक्समध्ये सिग्नलचं मुख्य काम प्रोग्राम मारणं हे होतं. कीबोर्डवरून थांबवायची खूण आली की प्रोग्राम संपवायचा. हँडलर ही सोय होती, पण त्याच्यावर मोठी कामं सोपवायचा विचार नव्हता. १९७९च्या सातव्या आवृत्तीतही हँडलर एकदा चालला की बहुतेक सिग्नलांसाठी ‘या सिग्नलला हा हँडलर’ ही नोंद पुसली जाई. म्हणून हँडलरची पहिली ओळ स्वतःला पुन्हा नोंदवण्याची असे. त्या ओळीआधी दुसरा सिग्नल आला, तर प्रोग्राम मरे. १९८३च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या शाखेने हे सुधारलं: नोंद टिकू लागली, हँडलर चालू असताना तोच सिग्नल अडवला जाऊ लागला, अर्धवट राहिलेलं रीड (वाचन) आपोआप पुन्हा सुरू होऊ लागलं. सिस्टम फाइव्ह या युनिक्सच्या दुसऱ्या शाखेच्या बाजूला जुनी वागणूक राहिली. एकच कोड दोन यंत्रांवर दोन तऱ्हांनी वागे. १९८८च्या पॉझिक्स या युनिक्ससाठीच्या प्रमाणात सिगअ‍ॅक्शन हे फंक्शन आलं, तेव्हा कुठे ही वागणूक प्रोग्रामरला स्पष्ट सांगून ठरवता येऊ लागली.

पण सिगअ‍ॅक्शनने सिग्नल पोचण्याचा प्रश्न सोडवला. हँडलरच्या आत काय करावं, हा प्रश्न तसाच उरला. त्यावर पॉझिक्सने एक यादी दिली: ही फंक्शनं हँडलरमधून बोलावली तर चालतील. थेट लिहिणारं राइट त्या यादीत आहे, मजकूर रचून लिहिणारं प्रिंटएफ नाही. प्रोग्राम लगेच संपवणारं अंडरस्कोर एक्झिट आहे, साधं एक्झिट नाही. मेमरी मागणारं मॅलॉक नाही, लोकलटाइमही नाही. १९८९च्या सी भाषेच्या प्रमाणाने तर याहून कमी हमी दिली: व्होलाटाइल सिग-अ‍ॅटॉमिक-टी या प्रकारच्या एका चलात खूण करा, एवढंच. माझ्या मते खरी अडचण इथे आहे. ही यादी मॅन्युअलमध्ये आहे, कोडमध्ये नाही. कंपायलर सहसा याबाबत सावध करत नाही. तुम्ही बोलावलेलं फंक्शन आत कुठे मॅलॉक करतं, हे त्या ओळीकडे बघून कळत नाही.

याचा सगळ्यात मोठा दाखला ओपनएसएसएचचा, म्हणजे दूरच्या यंत्रावर सुरक्षित लॉगिन करायच्या प्रोग्रामचा, आहे. लॉगिनसाठी दिलेली मुदत संपली की त्याचा सर्व्हर सिगअलार्म (वेळ संपल्याचा सिग्नल) घेई आणि हँडलरमधून लॉग लिही. २००६ साली सुरक्षा संशोधक मार्क डाउड यांनी दाखवलं की हे धोक्याचं आहे, ४.४ आवृत्तीत ते दुरुस्त झालं. दुरुस्तीचा भाग म्हणून हँडलरमधल्या लॉगच्या फंक्शनभोवती एक इफडेफ (कोडचा भाग अटीवरच घेणारी सूचना) होता. ऑक्टोबर २०२०मध्ये लॉगची रचना बदलताना तो इफडेफ चुकून निघून गेला. ८.५ आवृत्तीतून तो दोष जगभर गेला, आणि १ जुलै २०२४ला क्वालिस या सुरक्षा कंपनीने तो जाहीर केला. ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीतल्या सिसलॉगमध्ये, म्हणजे लॉग लिहिणाऱ्या फंक्शनमध्ये, आतून मॅलॉक होतं. नेमक्या क्षणी अडवलं तर मेमरीची मांडणी अर्धवट राहते. ३२-बिट यंत्रावर सरासरी दहा हजार प्रयत्नांत तो क्षण साधला जाई, आणि सहा ते आठ तासांत रूटचा, म्हणजे यंत्राचा पूर्ण, ताबा मिळे. ओपनबीएसडी ही युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टम मात्र वाचली, कारण त्यांनी २००१मध्येच हँडलरमधून सुरक्षित चालेल असा वेगळा सिसलॉग लिहून ठेवला होता. इतकी काळजीपूर्वक काम करणारी माणसं जिथे चुकली, तिथे विद्यार्थ्यांवर रागवायला मला जागाच नव्हती.

उपायही जुना आहे. १९९०च्या सुमारास प्रोग्रामर डॅनिएल बर्नस्टाइन यांनी स्वतःलाच पाइप (एका टोकाला लिहून दुसऱ्या टोकाला वाचायचा मार्ग) लावायची युक्ती मांडली: हँडलरने पाइपमध्ये एक बाइट टाकायचा, आणि मुख्य लूपने इतर फाइलींसोबत त्या पाइपवरही लक्ष ठेवायचं. मग सिग्नल खऱ्या अर्थाने रेल्वेचा होतो. ड्रायव्हर बघतो आणि योग्य जागी थांबतो. पुढे लिनक्सने २००६च्या २.६.१६ कर्नलमध्ये फाइली आणि सिग्नल यांची एकत्र वाट बघणारं खरं पीसिलेक्ट दिलं, आणि २००७च्या २.६.२२मध्ये सिग्नलएफडी, ज्यात सिग्नल फाइलसारखाच वाचता येतो.

आम्ही पाइप निवडला, कारण तोच कोड विद्यार्थ्यांच्या जुन्या यंत्रांवरही चालायला हवा होता. पाइपची दोन्ही टोकं नॉन-ब्लॉकिंग केली, म्हणजे तिथे कोणी अडकून थांबत नाही. हँडलरमध्ये आता तीनच ओळी आहेत: एररनो (शेवटच्या चुकीचा क्रमांक) बाजूला ठेवणं, एक बाइट लिहिणं, एररनो परत ठेवणं. एररनोची ओळ मुलांनी आधी गाळली होती. राइट फसलं तर एररनो बदलतं आणि मुख्य लूपला भलतीच चूक दिसते, हे फळ्यावर करून दाखवावं लागलं. ‘इतक्या वाजता बंद’ ही ओळ आता मुख्य लूप लिहितो. हँडलरच्या वर मराठीत टीप टाकली आहे: इथे लॉग लिहू नका, २००६ आणि २०२० आठवा.