कोकमाने पोट उतरतं का?

पित्त उठलं की आमसूल, जड जेवणावर सोलकढी, उन्हातून आल्यावर सरबत. कोकणात कोकमाला घरच्या वैद्याचा मान आहे. अलीकडे त्याच्या गळ्यात आणखी एक काम पडलंय, पोटाची चरबी वितळवण्याचं. औषधांच्या दुकानात ‘गार्सिनिया’च्या कॅप्सूल मिळतात. कोकमाचं शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा त्याची चुलत बहीण असते, केरळात माशाच्या कालवणात पडणारी कुडमपुळी. दोघींच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं आणि सगळा दावा त्या आम्लावर उभा आहे.

दावा अगदीच हवेतला नाही. जास्तीच्या पिष्टापासून चरबी बनवताना पेशी एक विकर (एन्झाइम) वापरतात, त्या विकराला हे आम्ल अडवतं. परीक्षानळीत तरी अडवतं. माणसात घोळ असा की आपल्या अंगावरची बरीचशी चरबी पिष्टापासून नव्याने बनलेलीच नसते. खाल्लेलं तेल, तूप, खोबरं यांचीच चरबी साठवणीत जाते. भात जास्त झाला की शरीर आधी त्याची साखर जाळतं, तेलाची पाळी येत नाही आणि ते पडून राहतं. ज्या वाटेने फारशी रहदारीच नाही तिथे नाका बसवून काय अडणार? १९९८ साली अमेरिकेत १३५ जणांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली. एका गटाला रोज १५०० मिलिग्रॅम हे आम्ल, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या, आणि दोघांनाही कमी उष्मांकांचं जेवण. आम्ल घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलोने उतरलं, बिनऔषधी गोळ्यांवाल्यांचं ४.१ किलोने. वर अशा कॅप्सूलनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

आमसुलाच्या साराला यातलं काही लागू नाही, ते खुशाल प्या. सरबताचं मात्र वेगळं. अमृत कोकम करताना सालींच्या दीडपट-दुप्पट साखर घालून बरण्या उन्हात ठेवतात. पेल्याला ४० मिलिलिटर पाक घेतला तर त्यात ३० ग्रॅमच्या आसपास साखर येते, म्हणजे चहाचे सहा चमचे आणि १२० उष्मांक. चरबी उतरवायची म्हणून हे दिवसातून दोनदा पिणारी माणसं आहेत! बिनसाखरेचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, पाण्यात घालून मीठ-जिरं टाकलं की तीच तहान फुकटात भागते. रक्तदाब असेल तर मीठ हात आखडून, कारण आगळात ते आधीच असतं.

मग पोट उतरवणारा आहार असतो तरी का? त्याआधी ‘पोट’ म्हणजे नेमकं काय, ते बघायला हवं. पोटावर चरबीचे दोन थर असतात. एक कातडीखालचा, चिमटीत येणारा. दुसरा आत, आतड्यांभोवतीच्या पडद्यांत. तो चिमटीत येत नाही, पोट नगाऱ्यासारखं टणक लागतं. या आतल्या चरबीचं रक्त थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरतं, त्यामुळे तिच्यातून सुटलेली मेदाम्लं आधी यकृतावर येऊन आदळतात. यकृतात चरबी साचणं, इन्सुलिन नीट न चालणं, साखर वाढणं याचा संबंध कातडीखालच्या थरापेक्षा या आतल्या थराशी जास्त आहे. २००४ साली १५ स्त्रियांच्या पोटावरची सरासरी दहाएक किलो चरबी शस्त्रक्रियेने शोषून काढली. तीन महिन्यांनी पाहिलं तर इन्सुलिनचं काम तसूभरही सुधारलं नव्हतं. काढली होती ती सगळी कातडीखालची.

आपल्या लोकांत आतली चरबी लवकर साठते, वजन फार नसतानाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला फोटो डॉक्टरमंडळींत प्रसिद्ध आहे. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तेव्हा काट्यावर विसंबू नका. टेपने मापा, आणि टेप नीट लावा.

सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, उघड्या अंगावर. शेवटची बरगडी जिथे संपते आणि कमरेचं हाड जिथे सुरू होतं, त्या दोहोंच्या बरोबर मध्ये टेप धरायचा. बेंबी ही खूण धरू नका, सुटलेल्या पोटात ती खाली सरकते. टेप जमिनीला समांतर, कातडीत न रुतणारा. सहज श्वास सोडून झाला की आकडा वाचायचा. पोट आत ओढून घेतलेला आकडा कुणाच्या कामाचा नाही. दोनदा मापून सरासरी घ्या. भारतीयांसाठी मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८०. दुसरा सोपा नियम असा की कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. पुरुष हमखास चकतात ते पँटच्या मापाने. पोट वाढलं की पट्टा त्याच्या खाली घसरतो, आणि ‘वीस वर्षं चौतिसच घालतोय’ हे वाक्य खरं असूनही पोट सुटलेलं असतं.

आता खरी अडचण. चरबी कुठून उतरावी, हे ताटात काय वाढलंय ते ठरवत नाही. ऊर्जा कमी पडली की संप्रेरकं रक्तातून सगळीकडच्या चरबीपेशींना निरोप धाडतात, आणि कुठली पेशी किती ऐकते हे लिंग, वय आणि आनुवंशिकतेवर असतं. व्यायामाचंही तेच. १९८४ च्या एका प्रयोगात पुरुषांनी २७ दिवसांत ५००४ उठाबशा काढल्या, म्हणजे आडवं पडून धड उचलायच्या. आधी आणि नंतर पोट, पाठ आणि नितंब इथल्या चरबीपेशी काढून मोजल्या. तिन्ही ठिकाणी सारख्याच बारीक झाल्या होत्या. दिलासा एवढाच की आतली चरबी हा निरोप कातडीखालचीपेक्षा लवकर ऐकते. शरीराचं वजन पाच-सात टक्के उतरलं तर आतली चरबी प्रमाणात त्याहून बरीच जास्त कमी होते. रोज अर्धा-पाऊण तास दमदार चाललं, तर काटा फारसा न हलताही ती घटू शकते.

विशेष आहारांची आपसात झुंज बऱ्याचदा लावून झाली आहे. २०१८ सालच्या स्टॅनफर्डच्या चाचणीत ६०९ जण होते. अर्ध्यांनी चरबी कमी केली, अर्ध्यांनी पिष्ट. वर्षाने पहिले ५.३ किलो उतरले, दुसरे ६. फरक नगण्य. गंमत आतल्या आकड्यांत आहे. दोन्ही गटांत कुणी ३० किलो उतरलं होतं, तर कुणी दहा किलो चढलं होतं. आहाराच्या नावापेक्षा तो पाळला किती, हे मोठं ठरलं. उपवासाच्या घड्याळाचंही तसंच. चीनमध्ये १३९ जणांना वर्षभर सारखेच कमी उष्मांक दिले. निम्म्यांनी ते सकाळी ८ ते दुपारी ४ मध्येच खाल्ले, बाकीच्यांनी कधीही. ८ किलो विरुद्ध ६.३ किलो, संख्याशास्त्राच्या भाषेत बरोबरी. आतली चरबीही सारखीच घटली. आपल्याकडची दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत अनेकांना मानवते, याचं कारण मला तरी साधं वाटतं. मधला चहा-खारी, फरसाण, ‘एक केळं खा’ हे सगळं आपोआप बंद होतं. ज्याला दोन जेवणं झेपत नाहीत आणि दुसऱ्या जेवणाला जो दुप्पट वाढून घेतो, त्याचं काही उतरत नाही.

तरीही ‘सगळे आहार सारखेच’ म्हणून हात झटकणं पुरतं बरोबर नाही. इस्रायलमध्ये २९४ जणांवर अठरा महिने झालेल्या चाचणीत एमआरआयने आतली चरबी मोजली. भूमध्यसागरी आहारात तांबडं मांस कमी करून त्यात ग्रीन टी आणि एक पाणवनस्पती घातलेल्या गटात ती १४ टक्क्यांनी घटली, साध्या भूमध्यसागरी आहारात ६ टक्क्यांनी. वजन मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखंच उतरलं होतं. उलट दिशेचा पुरावा स्वीडनचा आहे. ३९ सडपातळ तरुणांना सात आठवडे जास्तीचे मफिन खाऊ घातले, काहींचे पामतेलातले, काहींचे सूर्यफूल तेलातले. वजन सारखंच वाढलं, पण आतली चरबी पामतेलवाल्यांत सूर्यफूलवाल्यांच्या दुपटीने वाढली. म्हणजे जास्तीचं खाताना ते कुठल्या तेलातलं, याने फरक पडतो.

आणि इथे कोकणाला नारळाचं बोलणं टाळता येत नाही. ‘खोबरेल चरबी जाळतं’ या प्रचारामागचे प्रयोग आठ आणि दहा कार्बनच्या मेदाम्लांचे आहेत. खोबरेलात सगळ्यात जास्त, निम्म्याच्या घरात, बारा कार्बनचं लॉरिक आम्ल असतं आणि ते बरंचसं इतर तेलांसारखंच वागतं. १६ चाचण्यांच्या एकत्रित हिशोबात खोबरेलाने वजन कमी झालं नाही, एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, मात्र डेसिलिटरमागे १० मिलिग्रॅमने वाढलं. म्हणून नारळ सोडायचा का? मुळीच नाही, मोजायचा. मध्यम नारळाचं खोबरं २५० ग्रॅम धरलं तर त्यात सुमारे ८० ग्रॅम चरबी आणि ८८५ उष्मांक येतात. चौघांच्या आमटीत अख्खा नारळ गेला की माणशी २२०. वाटपात खोबऱ्याचा तंतू तरी पोटात जातो. सोलकढीत दूध आपण पितो आणि चोथा टाकतो. सोलकढी रोज लागत असेल तर पहिलं घट्ट दूध काढून ठेवा आणि दुसऱ्या, पातळ दुधाची करा. बांगड्याचं तिखलं हा तर तयार उपाय आहे. खोबरं नाही, चमचाभर तेल, त्रिफळं आणि आमसूल. तोच बांगडा रव्यात घोळवून तळला की रवा तेल पितो, आणि दर चमचा तेलाचे ४५ उष्मांक माशाच्या नावावर चढतात.

भाताची तक्रार अशीच मापाची आहे. उकडा तांदूळ बी-१ जीवनसत्त्वाच्या बाबतीत सरस, पण उष्मांक साध्या तांदळाएवढेच. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ३५० उष्मांक. शिजलेल्या भाताचा अंदाज सगळ्यांचा चुकतो, म्हणून आठवडाभर कच्चा तांदूळ काट्यावर तोला. १५० चा १०० केला की १७५ उष्मांक वाचले. चहातली साखर रोज २० ग्रॅमने कमी, ८० वाचले. सरबताचा एक पेला बंद, १२०. सोलकढी आणि आमटी पातळ दुधाची, आणखी शंभरेक. बेरीज ४७५ होते, कुठलाही पदार्थ कायमचा वर्ज्य न करता. या तुटीने सुरुवातीला आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरतं. पुढे वेग मंदावतो, कारण हलक्या शरीराला लागतंही कमी. किलोमागे कंबर सुमारे एक सेंटिमीटर घटते.

चुका बहुतेक तीन जागी होतात. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले की माणूस हुरळतो. ते मुख्यतः पाणी असतं, कारण शरीरात साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. दुसरी चूक प्रथिनांची. जून-जुलैत मासेमारी बंद, मग श्रावण. मासा गेला की ताटात त्याच्या जागी भातच येतो, आणि उपासाला साबुदाणा, ज्यात प्रथिनं जवळजवळ शून्य. वजन उतरवताना किलोमागे एक ग्रॅम प्रथिनं तरी हवीत (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून), नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातो. १०० ग्रॅम बांगड्यात जवळपास २०, दोन अंड्यांत १२-१३, ३० ग्रॅम कोरड्या कुळथात साडेसहा. म्हणून पावसाळ्यात कुळथाची पिठी चमचाभर पीठ पाण्यात कालवून पातळ करू नका, दाट करा. रात्रीची पेज हलकी खरी, पण नुसती घेतली की दोन तासांत भूक लागते आणि काजूचा डबा उघडतो. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम काजू १७० उष्मांकांचे. पेजेबरोबर काळ्या वाटाण्याची उसळ घ्या. तिसरी चूक झोपेची. अमेरिकेतल्या एका प्रयोगात बारा निरोगी माणसांना दोन आठवडे चारच तास झोपू दिलं. ती रोज तीनशेवर उष्मांक जास्त खायला लागली आणि आतली चरबी ११ टक्क्यांनी वाढली. गणपतीत रात्रभर भजनं जागवून दिवसा मोदक खाणाऱ्याने काट्याला दोष देऊ नये.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर जेवण परस्पर गाळू नका, आधी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्या. साखर अचानक खाली येऊन चक्कर, घाम, बेशुद्धी असं होऊ शकतं. आणि पोट महिन्या-दोन महिन्यांत फुगलं, हातपाय बारीक होत गेले किंवा पायांवर सूज आली, तर टेप आणि ताट दोन्ही बाजूला ठेवून सोनोग्राफी करून घ्या. ते यकृताच्या आजारात पोटात साठलेलं पाणी असू शकतं. पाळी जाण्याच्या वयातल्या किंवा त्यापुढच्या बाईचं पोट आठवडेच्या आठवडे गच्च वाटत असेल आणि दोन घासांत भरत असेल, तर अंडाशयाची तपासणी आधी, आहार नंतर.