मिथेन झिरपांजवळचे कायटन: लेपिडोप्लुरिडा की कायटोनिडा?

हणजूणच्या खडकांवर सुकतीच्या वेळी वाकून पाहणाऱ्याला, पाठीवर आठ पट्टिकांचे कवच घेऊन दगडाला घट्ट चिकटलेला कायटन, म्हणजे शंख-शिंपल्यांचा एक मृदुकाय नातलग, कधीतरी भेटतो. याच गटाचे प्राणी खोल समुद्रातही राहतात, आणि त्यांच्या वर्गीकरणाचा प्रश्न गोव्याला परका नाही. बंगालच्या उपसागरातील कृष्णा-गोदावरी खोऱ्यात समुद्रतळातून मिथेन झिरपणाऱ्या जागांचा आणि तेथील जीवसृष्टीचा अभ्यास दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनीच केला आहे.

खोल तळ बहुतेक ठिकाणी चिखलाचा असतो आणि कायटनला चिकटायला टणक पृष्ठभाग लागतो. झिरपांपाशी सूक्ष्मजीव सल्फेटच्या साहाय्याने मिथेनचे ऑक्सिडीकरण करतात, त्यातून बायकार्बोनेट वाढते आणि कार्बोनेटचे कठीण थर साचतात. त्याखेरीज शिंपल्यांची कवचे असतात. त्यामुळे येथे कायटन सापडला तर त्याचा मिथेनशी संबंध थेट आहाराचा नसून केवळ जागेचा असू शकतो.

येथे लेपिडोप्लुरिडा आणि कायटोनिडा या कायटनच्या दोन गणांची (ऑर्डर) गल्लत होते. वरून पाहिल्यास दोघेही सारखे दिसतात: आठ पट्टिका, भोवती मेखला म्हणजे मांसल पट्टा, खाली चिकटण्यासाठीचा रुंद पाद. म्हणून पुष्कळ जण खोल पाण्यातला तो लेपिडोप्लुरिडा आणि उथळ पाण्यातला तो कायटोनिडा असे सरळ मानतात. माझ्या मते ही सवय सोडलीच पाहिजे. लेपिडोप्लुरिडातील लेप्टोकायटन या प्रजातीतील (जीनस) काही जाती किनाऱ्याजवळ राहतात. उलट कायटोनिडातील प्लॅसिफोरेला ही डोक्याकडील रुंद झडपेखाली भक्ष्य पकडणारी प्रजाती खोल पाण्यातही आहे.

खरा फरक पट्टिका सुटी करून तिच्या कडेला पाहिल्यावर कळतो. कायटोनिडात पट्टिकेची कड मेखलेत शिरते आणि त्या कडेला खाचा असतात, त्यामुळे पट्टिका मांसात भक्कम रोवली जाते. लेपिडोप्लुरिडात अशी शिरणारी कड बहुधा नसते, आणि काहींत असली तरी तिला खाचा नसतात. कल्ल्यांची मांडणीही वेगळी असते. लेपिडोप्लुरिडात ते शरीराच्या मागच्या टोकाला, गुदद्वाराच्या आसपास एकवटलेले असतात, तर कायटोनिडात त्यांची रांग सामान्यतः पादाच्या कडेने बरीच पुढे जाते. शिवाय लेपिडोप्लुरिडात तोंडाच्या दोन्ही बाजूंना रंगद्रव्य असलेले एक संवेदी इंद्रिय प्रौढपणीही टिकते. त्याला श्वाबे इंद्रिय म्हणतात. त्याचे वर्णन 2014 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि माझ्या दृष्टीने हे लक्षण सर्वांत सुंदर आहे, कारण ते अळीच्या डोळ्यापासून आलेले आहे.

तरीही एक सावधगिरी हवी. खाचा नसणे ही प्राचीन पूर्वजांकडून आलेली स्थिती असल्याने, केवळ त्यावरून दोन जाती एकमेकींच्या निकटच्या ठरवता येत नाहीत. लेप्टोकायटन ही प्रजाती बरीच वर्षे अशाच साध्या रचनेच्या जातींची टोपली होती, आणि डीएनएच्या अभ्यासातून ती एकाच वंशशाखेची नसल्याचे दिसून आले. म्हणून पट्टिकेच्या कडेवरून गण ओळखावा, पण प्रजाती ठरवताना मेखलेवरील खवले, रॅड्युलाचे, म्हणजे तोंडातील जिभेसारख्या पट्टीवरचे, दात आणि डीएनए या साऱ्यांची साक्ष एकत्र घ्यावी.

याची तयारी जहाजावरच करावी लागते. कायटन खडकावरून सुटताच गोळा होतो आणि कल्ले आत झाकले जातात. त्यामुळे तो काचपट्टीवर सपाट बांधून मगच जतन करावा, आणि पादाचा छोटा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये न टाकता इथेनॉलमध्ये वेगळा ठेवावा, कारण फॉर्मॅलिनमध्ये डीएनए खराब होतो.