जाळी वर घेतली की नेमकं काय बदलतं?

सिरॅमिकच्या कोळशाच्या ग्रिलमध्ये सुरमईचा तुकडा बाहेरून करपला आणि काट्याजवळ कच्चा राहिला, की मिळणारा सल्ला ठरलेला असतो: जाळी वर घ्या. सल्ला चुकीचा नाही. पण 'विस्तवापासून लांब गेलं की आच कमी लागते' हे त्याचं जे कारण सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं जास्त कामाचं आहे.

या ग्रिलचं मूळ जपानमधलं. तिथे भात शिजवायला मातीची जाड, गोल, झाकणाची चूल वापरत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये राहिलेल्या अमेरिकी सैनिकांनी ती घरी नेली आणि तिच्यावर मांस भाजलं जाऊ लागलं. १९७४मध्ये अटलांटात सुरू झालेल्या 'बिग ग्रीन एग' या कंपनीने मातीच्या जागी टिकाऊ सिरॅमिक आणलं आणि हा अंड्याच्या आकाराचा ग्रिल जगभर गेला. आता तो घोडबंदर रोडकडच्या एखाद्या गच्चीवर किंवा सीवूड्स-बेलापूरकडच्या रो-हाऊसच्या अंगणातही दिसतो. दिवाळे गावच्या बाजारातून आणलेल्या मासळीला त्याने आक्षेप घेतल्याचं ऐकिवात नाही.

रचना सोपी आहे. तळाशी हवेची खिडकी, त्यावर कोळशाची कुंडी, कुंडीच्या वर जाळी, मग घुमटासारखं जड झाकण आणि झाकणाच्या डोक्यावर दुसरी खिडकी. जाळी मूळ जागी खालच्या भांड्याच्या काठाच्या बरीच खाली, खड्ड्यात बसते. तिला काठापर्यंत किंवा काठाच्याही वर आणायचं, हा सगळा प्रश्न आहे.

शाळेत शिकलेला एक नियम इथे हमखास आडवा येतो: अंतर दुप्पट केलं की उष्णता चौथाई. हा नियम ठिपक्याएवढ्या उगमासाठी आहे. कोळशाचा थर ठिपका नसतो, तो पसरलेला असतो. माशाच्या तुकड्यावर किती प्रारण, म्हणजे निखाऱ्यांकडून थेट येणारी आच, पडणार हे त्या तुकड्याच्या जागेवरून खाली पाहिलं तर निखाऱ्यांनी दृष्टीचा किती भाग व्यापला आहे, यावर ठरतं. गोल थराच्या बरोबर मध्यावर असलेल्या तुकड्यासाठी हे गणित अगदी सुटसुटीत आहे. थराच्या त्रिज्येचा वर्ग घ्यायचा आणि त्याला त्रिज्येचा वर्ग अधिक उंचीचा वर्ग या बेरजेने भागायचं.

थराची त्रिज्या २० सेंटिमीटर आणि जाळी १० सेंटिमीटर उंच असेल, तर निखाऱ्यांच्या पूर्ण आचेपैकी ८० टक्के माशापर्यंत पोहोचते. जाळी १५ सेंटिमीटरवर नेली तर ६४ टक्के, २० वर नेली तर ५० टक्के. म्हणजे अंतर दुप्पट करूनही आच चौथाई तर नाहीच, निम्मीही झाली नाही. आता कोळसा मध्ये गोळा करून त्रिज्या १० सेंटिमीटर ठेवली, तर त्याच तीन उंचींना आकडे येतात ५०, ३१ आणि २०. भरलेल्या कुंडीवर जाळी पाच सेंटिमीटर वर घेतली तर आच पाचव्या हिश्शाने घटते, आणि छोट्या विस्तवावर तीच पाच सेंटिमीटर तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापतात. प्रत्यक्षात कुंडीच्या तापलेल्या भिंतीही आच परत फेकतात, त्यामुळे भरलेल्या कुंडीत फरक याहूनही कमी पडतो.

आता खिडकीकडे बघा. तापलेल्या पृष्ठभागातून निघणारं प्रारण निरपेक्ष तापमानाच्या (म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसपासून मोजलेल्या तापमानाच्या) चौथ्या घाताने वाढतं. ६५० अंश सेल्सिअसचा निखारा दर चौरस मीटरला साधारण ४१ किलोवॅट फेकतो, ८५० अंशांचा सुमारे ९०. खालची खिडकी थोडी उघडली, निखारा लाल होता तो नारिंगी झाला, की आच दुपटीहून वर गेली. भरलेल्या कुंडीवर जाळी वर-खाली करून एवढा फरक पाडायचा तर ग्रिलमध्ये तेवढी उंचीच नाही. म्हणून नुसती आच कमी करायची असेल तर माझं मत सरळ आहे: नट-बोल्ट शोधण्याआधी खिडकी अर्धी लावा आणि कोळसा कमी घाला. हे फुकटचं आहे.

मग जाळी वर घ्यायचीच कशाला? कारण वर गेलेला पदार्थ निखाऱ्यांपासून दूर जातो, तसाच झाकणाच्या जवळ जातो. बंद झाकणाच्या ग्रिलमध्ये उष्णता तीन वाटांनी येते: खालून निखाऱ्यांचं प्रारण, सगळीकडून फिरणारी गरम हवा आणि वरून तापलेल्या घुमटाचं प्रारण. उघड्या शेगडीवर तिसरी वाट नसतेच आणि दुसरीही बहुतेक वाऱ्यावर जाते. उरण-पनवेलकडची पोपटी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना तिसऱ्या वाटेची ताकद सांगायला नको. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, कुणाकडे अंडी आणि मसाला लावलेलं चिकन. पाण्याचा थेंब नाही. मडकं उलटं ठेवून भोवती गवत-पाचोळा पेटवायचा. आतल्या शेंगेला जाळ कधी दिसत नाही, तिला दिसते फक्त चहूबाजूंनी तापलेली माती. सिरॅमिक ग्रिलचं झाकण हेच काम करतं, फरक एवढाच की इथे निखारेही त्याच मडक्याच्या पोटात असतात. जाळी खाली असली तर निखाऱ्यांचं राज्य, वर गेली तर मडक्याचं.

तरी घुमटाकडून अवाजवी अपेक्षा नको. २३० अंशांवरची सिरॅमिकची भिंत दर चौरस मीटरला जेमतेम साडेतीन किलोवॅट देते, निखाऱ्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी. म्हणूनच खालून येणारी आच थोडी कापली तरी वर-खालचं प्रमाण लगेच बदलतं. अख्ख्या कोंबडीला नेमकं हेच हवं असतं. कातडी सगळीकडून तांबूस व्हावी आणि मांडीजवळचं मांस शिजायला वेळ मिळावा. तांबूसपणा येतो तो मेलार्ड अभिक्रियेतून. प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातली ही अभिक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. ल्वी कामी मेलार्ड या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ती १९१२मध्ये मांडली. एवढं तापमान घुमटाखालची हवा आरामात देते, त्यासाठी निखारा नाकाशी लागत नाही. लाल तिखट आणि आगरी-कोळी मसाला तर मांस शिजण्याआधीच करपतो, तेव्हा मसाल्याच्या माशाला वरचा मजला मानवतो. शिवाय चरबी निखाऱ्यावर पडून उठणाऱ्या ज्वाळा वरपर्यंत कमी पोहोचतात. त्या धुरात चरबी जळून तयार होणारी बहुवलयी सुगंधी हायड्रोकार्बन ही अपायकारक रसायनं असतात. नावात 'सुगंधी' असलं तरी ती पदार्थावर जितकी कमी बसतील तितकं बरं.

पिझ्झा किंवा नान हे प्रकरण वेगळं. ते दगडाच्या चकतीवर भाजतात, आणि तळाला उष्णता थेट दगडातून शिरते. दगड खाली असला तर निखारे त्याला इतका तापवतात की वरचं चीज नीट वितळायच्या आत तळ काळा होतो. घुमट तर पिझ्झाला कुठेही ठेवला तरी दिसतोच, मग वर नेऊन काय मिळतं? दोन गोष्टी. दगड निखाऱ्यांपासून दुरावतो, म्हणून तळ सबुरीने भाजतो, आणि झाकणाच्या माथ्याशी साचलेली सगळ्यात गरम हवा पिझ्झाच्या अंगावरून वाहते. निखारे आणि जाळी यांच्यामध्ये आडवी चकती टाकून मंद भाजतानाही उंची उपयोगी पडते. गरम वायू चकतीच्या कडेने उसळून वर येतात, त्यामुळे जाळी चकतीला चिकटून असली तर मध्यभागी मंद आणि कडेला करपलेलं अशी गत होते. थोडं वर गेलं की वायू एकमेकांत मिसळलेले असतात.

आता उपाय. बाजारात दोन-तीन मजल्यांच्या तयार चौकटी मिळतात. 'कामाडो जो' कंपनीच्या ग्रिलमध्ये तर अर्ध्या-अर्ध्या जाळ्या वेगवेगळ्या उंचीवर लावायची सोय मुळातच असते, आणि ती खरोखर चांगली आहे: एका बाजूला निखाऱ्यांजवळ झणका द्यायचा, दुसऱ्या बाजूला वर मंद शिजवायचं. पण सुटे भाग मागवायचे म्हणजे खिशाला चाट आणि वाट बघणं. ठाण्यात वागळे इस्टेट आणि नवी मुंबईत रबाळे-महापे हाताशी असताना बरेच जण फॅब्रिकेटरच गाठतील, आणि तेच शहाणपणाचं.

सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे जास्तीची एक जाळी आणि तीन-चार लांब बोल्ट. बोल्ट जाळीच्या सळ्यांमधून घालायचे, वर-खाली रुंद वॉशर आणि नट लावून आवळायचे, झाले पाय. दहा सेंटिमीटरचा बोल्ट बहुतेक कामांना पुरतो. ही पायांची जाळी मूळ जाळीवर उभी राहते, त्यामुळे पायाच्या टोकालाही रुंद वॉशर हवा, नाहीतर पाय खालच्या सळ्यांमधून घसरतो. पाय तीन की चार? तीन पाय कधी डुगडुगत नाहीत, खालची जाळी वाकडी असली तरी. पण वजन त्या तीन टेकूंच्या त्रिकोणाबाहेर गेलं की जाळी कलंडते, आणि कडेवर बसवलेल्या तीन पायांचा त्रिकोण गोल जाळीचा फक्त ४१ टक्के भाग व्यापतो. चार पायांचा चौकोन ६४ टक्के व्यापतो. मध्ये एकच कोंबडी ठेवायची असेल तर तीन, कडेपर्यंत बांगडे मांडायचे असतील तर चार.

भट्टीला आतून लावतात त्या अग्निरोधक विटा (फायरब्रिक) हा दुसरा मार्ग. मूळ जाळीवर तीन विटा उभ्या ठेवून त्यावर दुसरी जाळी. पक्कं, जड, न हलणारं. पण एक वीट साडेतीन-चार किलोची असते. तीन विटांचं तापमान अडीचशे अंशांनी चढवायला पावणेतीन मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते, म्हणजे शंभरेक ग्रॅम कोळसा निव्वळ विटांच्या पोटात जातो आणि ग्रिल तापायला वेळ लागतो. तासन्‌तासाच्या भाजणीला हे चालतं, संध्याकाळच्या चार तुकड्यांना नाही. बांधकामाची लाल वीट किंवा खाडीकाठचे गोटे मात्र वापरू नयेत. त्यांच्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि दगड फुटून उडतो. टिनचे रिकामे डबेही नकोत, त्यांच्या आतला लेप जळतो.

बोल्टच्या बाबतीत खरी मेख धातूची आहे. हार्डवेअरच्या दुकानात मागाल तर समोर येणारा चकचकीत निळसर किंवा पिवळसर बोल्ट बहुधा जस्ताचा मुलामा चढवलेला असतो. जस्त ४२० अंशांच्या सुमाराला वितळतं, आणि ज्वाळेच्या तोंडी आलेल्या मुलाम्यातून जस्ताच्या ऑक्साइडचा धूर निघू शकतो. गॅल्वनाइज्ड पाइप वेल्ड करणाऱ्यांना त्या धुराने येणारा ताप चांगला ठाऊक असतो. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील मागा. चुंबक लावून पारख करायची सवय इथे फसवते, कारण हलक्या प्रतीचं २०२ही चुंबकाला फारसं चिकटत नाही. ओळखीचा दुकानदार हीच खरी चाचणी. नाहीतर साधी काळी लोखंडी सळी घ्या, तव्यासारखं तेल लावून वापरा. गंज धरेल, विषारी धूर देणार नाही.

फॅब्रिकेटरकडून पाय असलेली रिंग करून घेणार असाल तर त्याला एक गोष्ट बजावून सांगा: माप भिंतीला घट्ट बसेल असं घेऊ नको. ४५ सेंटिमीटरची स्टेनलेसची जाळी तीनशे अंशांनी तापली की सव्वादोन मिलिमीटरने वाढते. सिरॅमिक त्यामानाने फारच कमी फुगतं. थंड असताना ठोकून बसवलेली चौकट तापल्यावर भिंतीला आतून रेटते, आणि सिरॅमिक दाब सोसतं पण ताण सोसत नाही. तडा जातो तो इथे. दोन्ही बाजूंना बोटभर फट ठेवली की गरम हवेलाही वाट मिळते.

उंची ठरवताना झाकण विसरलं जातं. घुमटातून आत शिरलेली तापमापकाची दांडी कोंबडीच्या छातीत रुतली, तर काटा हवेचं नाही, कोंबडीचं तापमान सांगतो आणि तुम्ही उगाच खिडकी उघडत बसता. विस्तव पेटवण्याआधी पदार्थाच्या माथ्यावर अॅल्युमिनियमच्या फॉइलचा सैल गोळा ठेवून झाकण लावा आणि उघडून बघा. गोळा चेपला असेल तर एक नट खाली घ्या.

वर घेतलेल्या जाळीचा आणखी एक परिणाम हाताला जाणवतो. पदार्थ काठाच्या पातळीवर आल्याने उलथणं घेऊन खड्ड्यात वाकावं लागत नाही, पण आता हात आणि चेहरा झाकणाच्या फटीजवळच असतात. खिडक्या बराच वेळ जवळजवळ बंद असल्या की आत प्राणवायू संपत येतो आणि कार्बन मोनॉक्साइडसारखे न जळलेले वायू साठतात. झाकण एकदम उघडलं की हवा आत घुसते आणि भडका बाहेर येतो. म्हणून आधी बाजूला उभं राहून झाकण दोन बोटं उचलायचं, काही सेकंद थांबायचं, एक-दोनदा असं करून मगच पूर्ण उघडायचं. आणि काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत हा ग्रिल पेटवायचाच नाही, झाकण कितीही घट्ट असलं तरी. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि वरची खिडकी तो बाल्कनीतच सोडते.